आकाशातून दिसणारं थडगं

इन्सुक आमच्याच गावची, सोल्गोलची. लहान असताना तिला पाठीवर घेऊन मी कितीदा ओढा ओलांडलाय. पण तिची खरी ओळख झाली ती ती माझ्यावर ओरडली तेव्हा. तेगू शहरात संसार करून, तो मोडून ती गावी परत आली होती आणि वनखात्याच्या नकाशाच्या खोलीत कंत्राटावर लागली होती. पहिल्याच हिवाळ्यात तिनं मला फोनवर झापलं.

"आजे, ठिपका एका झाडावर आहे आणि तुम्ही कापलंय शेजारचं! शेजारचं जिवंत होतं!"

मी लाकूडतोड्यांच्या टोळीचा मुकादम, ग्वाक माझं आडनाव. गावातली सगळी मला आजे म्हणतात, काकाला आमच्याकडे तेच म्हणतात. मी म्हटलं, "अगं, फोनचा पडदा तळहाताएवढा, वरून बर्फ पडतोय, मला काय कळणार?"

"मग चष्मा लावून डोंगरात जात चला," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी स्वतः चढून आली. त्या चुकून कापलेल्या झाडाच्या बुंध्यापाशी बराच वेळ उभी राहिली आणि खाली उतरून गेली. तेव्हापासून मी चष्मा लावतो.

आमच्याकडच्या पाइनच्या जंगलांना रोग लागलाय. दोऱ्याहून बारीक किडा असतो. तो भुंग्याच्या अंगात बसून प्रवास करतो. वसंत सरता सरता भुंगे मेलेल्या झाडाची साल फोडून बाहेर पडतात, शेजारच्या झाडांच्या कोवळ्या फांद्या कुरतडतात, आणि किडा त्या झाडात उतरतो. पानं गळायच्या दिवसांपर्यंत ते झाड मेलेलं असतं आणि त्याच्या सालीखाली नव्या भुंग्यांची अंडी. औषध नाही. थंडीत झाड कापायचं, तुकडे रचायचे, विषारी वाफ सोडून हिरव्या ताडपत्रीत घट्ट बांधायचे, एवढंच माणसाच्या हातात आहे. हे काम माझं. कुठलं झाड, ते सांगायचं काम इन्सुकचं.

तिच्याकडे विमानातून, ड्रोनमधून, उपग्रहावरून काढलेली चित्रं यायची. त्या कॅमेऱ्यांना आपल्या डोळ्याला न दिसणारा उजेडही दिसतो. तिच्या पडद्यावर जिवंत जंगल लालभडक असायचं, आणि मरायला लागलेलं झाड राखेच्या रंगाचं. मी खाली उभा राहून ज्याला धडधाकट हिरवं म्हणायचो, ते तिच्याकडे केव्हाच राखाडी झालेलं असायचं. त्या चित्रावर ती एकेक थर चढवायची. रस्ते, ओढे, गावांच्या हद्दी आणि थडगी.

थडगी का, तर आमच्या डोंगराची एक उतरण अशी नाही जिथं कुणाचा पूर्वज झोपलेला नाही. आमचं थडगं म्हणजे मातीचा उंचवटा, त्यावरच्या हिरवळीला ऊन लागावं म्हणून घरची माणसं भोवतालची झाडं काढतात. वरून ते दाट जंगलातलं गोल टक्कल दिसतं. शहरातून आलेला नवखा पोरगा तिथं झाडं मेली म्हणून ठिपका मारतो आणि माझी टोळी उगाच डोंगर चढते. इन्सुकच्या हातून ते कधी झालं नाही. नुसतं टक्कल बघून ती सांगायची, "हे थडगं आहे, आणि घरची माणसं गेली दोन-तीन वर्षं गवत कापायला आलेली नाहीत."

स्वभावानं तिखट, हसायची कमी. दुपारी जेवायला उठायची नाही, समुद्रशेवाळात गुंडाळलेला भात एका हातानं खात दुसऱ्या हातानं ठिपके मारायची. पण खात्री नसेल तर ठिपका मारायची नाही. स्वतः गाडी काढून जायची, चढायची, सालीला नाक लावून बघायची. "अंदाजानं मारलेला ठिपका म्हणजे अंदाजानं मारलेलं झाड," असं ती साहेबांच्या तोंडावर म्हणायची, आणि साहेब तिचं कंत्राट वाढवताना दर वर्षी तोंड वाकडं करायचे.

तिचा बाप पे दाल्सू. मी त्याला ह्यॉन्निम म्हणायचो, म्हणजे थोरला भाऊ, आणि तसाच मानायचो. सोंगी अळंबी शोधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. सोंगी जिवंत पाइनच्या मुळांशीच उगवते, पाचोळ्याखाली, आणि दर शरदात त्याच जागी. तिची लागवड कुणाला जमलेली नाही. गावामागचा कडा सगळ्या गावाचा, त्या दिवसांत त्याला दोऱ्या बांधून बाहेरच्यांना बंद करतात. पण कड्यावरची जागा ज्याची त्यालाच ठाऊक. ती बायकोला सांगत नाहीत, पोटच्या पोराला सांगत नाहीत. दाल्सू ह्यॉन्निम घरातून उत्तरेला निघायचा आणि दक्षिणेकडून परत यायचा. वाटेत बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं बसून मागं कुणी नाही ना ते बघायचा. सरळ वाटेनं तो डोंगरात कधी गेला नाही.

अशा माणसाच्या घरात आभाळातून डोंगर बघणारी मुलगी! माझं बायकोवाचूनचं घर, म्हणून मी बरेचदा त्यांच्याकडेच जेवायचो आणि दोघांची जुगलबंदी फुकटात ऐकायचो.

"सगळा डोंगर उघडा करून बघते कार्टी," तो म्हणायचा. "बापाचे कपडे तेवढे उतरवायचे राहिलेत."

"तुमच्याकडे बघायला आहे काय, आबुजी? हाडं आणि सदरा," ती म्हणायची.

त्या ऑक्टोबरातलं जेवण मला लख्ख आठवतं. सोयाबीनचं कालवण होतं, मुळ्याची किमची होती, आणि ह्यॉन्निमनं तांदळाची दारू काढली होती, कारण सोंगी चांगली निघाली होती.

"तुझ्या त्या आभाळातल्या डोळ्याला सोंगी दिसते का गं?" त्यानं विचारलं.

"नाही आबुजी. पाचोळ्याखालचं नाही दिसत."

"चला, आभाळाला थोडी तरी लाज आहे."

"पण झाडं दिसतात. मागच्या कड्यावर एक राखाडी झालंय. घसरणीच्या खडकाच्या वर, मोठं आहे. थंडी पडली की आजेंची टोळी जाईल."

ह्यॉन्निम चावता चावता थांबला. "एकच झाड कापणार ना?"

"एक सापडलं की भोवतालचीही जातात. नियम आहे."

तो पुन्हा चावायला लागला. घास गिळून म्हणाला, "आणि तिथं कुणाचं थडगं असलं तर?"

"थडगं असलं तर वंशजांच्या सहीशिवाय कुणी हात लावत नाही. तेवढं वर्तुळ सोडून द्यायचं."

"ते तुला वरून कळतं?"

"टक्कल कळतं, आबुजी. गोल, दक्षिणेकडे तोंड. आपल्याकडच्या माणसाला लगेच ओळखू येतं."

मी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "मग मीही असेन की नकाशात."

"तुमच्यावर ठिपका कधीच मारून ठेवलाय, आजे," ती म्हणाली, आणि ह्यॉन्निम एवढा हसला की त्याला ठसका लागला. इतका तो एरवी हसत नसे.

नोव्हेंबरात नवी चित्रं आली. घसरणीच्या खडकाच्या वरचं ते राखाडी झाड नव्हतंच. त्या जागी गोल टक्कल होतं आणि मधोमध मातीचा उंचवटा. इन्सुक म्हणाली, "नवं थडगं आलंय. चला, बघून येऊ."

आम्ही दोघं चढलो. थडगं खरंच सुरेख बांधलेलं होतं. हिरवळीचे चौकोन लाकडी खुंट्यांनी ठोकून बसवलेले, तोंड दक्षिणेला, समोर सपाट दगडावर एक पेला आणि सुका मासा. आम्ही दोघांनी वाकून नमस्कार केला. परक्याचं असलं तरी करतोच. बुंधा कुठं दिसला नाही, पण थडग्यासाठी खणायचं म्हणजे मुळं काढावीच लागतात. बाजूला राखेचा मोठा ढीग होता. इन्सुकनं भोवतालच्या प्रत्येक झाडाची साल तपासली. सगळी धडधाकट होती.

घरी आल्यावर तिनं बापाला विचारलं. तो म्हणाला, "बुसानकडच्या आपल्या भाऊबंदांनी आणलंय. जुनं थडगं रस्त्यात गेलं म्हणे त्यांचं. मीच जागा दाखवली."

"आणि झाडाचं लाकूड?"

"तिथंच जाळलं."

"बरं केलं," ती म्हणाली. "जाळलं की भुंगा मरतो." तिनं ठिपका काढून टाकला आणि त्या जागी थडग्याची खूण केली. शहरातला नवखा पोरगा असता तर त्यानं ठिपका तसाच ठेवला असता. मी कुऱ्हाडी घेऊन गेलो असतो, चार शिव्या खाल्ल्या असत्या, आणि सगळं तिथंच उघडकीला आलं असतं. फसली ती इथली होती म्हणून.

पुढचा सप्टेंबर आला तेव्हा तिनं मला कचेरीत बोलावून घेतलं. पडद्यावर आमचा मागचा कडा होता. लालभडक जंगलात राखेच्या रंगाचं एक कडं पडलं होतं आणि त्या वर्तुळाच्या बरोबर मध्ये ते टक्कल.

"रोग कुठून निघाला ते मोजून काढता येतं," ती म्हणाली. "जवळची झाडं आधी मेलेली, लांबची नंतर. मी वेगवेगळ्या रीतींनी मोजलं. प्रत्येक वेळी उत्तर थडग्यावरच येतं."

"मशीन चुकत असेल."

"चुकू दे ना, आजे," ती म्हणाली. इन्सुक कुणाची विनवणी करायची नाही, पण त्या दिवशी तिचा आवाज विनवणीचा होता. "थडग्यातून रोग कसा निघेल? तुम्हीच सांगा."

पे घराण्यातले सगळ्यांत थोरले आजोबा खालच्या आळीला राहतात. आधी ती त्यांच्याकडे गेली. ते म्हणाले, आपलं एकही थडगं गेल्या कित्येक वर्षांत हललेलं नाही, आणि बुसानला आपलं कुणी नाही. मग आम्ही पुन्हा चढलो.

रानडुकरांनी थडगं फाडलं होतं. आमच्याकडे डुकरं हे करतात, अळ्यांसाठी हिरवळ उपटतात. ते वसंतात कधीतरी झालं असावं, कारण उकरलेल्या मातीवर आता गवत माजलं होतं. मातीतून पाइनचे ओंडके बाहेर आले होते. सालीवर भुंगे बाहेर पडल्याची गोल भोकं होती, पेन्सिल सहज जाईल एवढी. राख नुसत्या पाचोळ्याची होती. मोठं झाड एकट्या म्हाताऱ्याला खाली आणता येईना, लाकूड जाळलं तर दिवसभर धूर गावाला दिसला असता, म्हणून त्यानं ते जागच्या जागी पुरलं आणि वर थडगं रचलं. वरून दिसावं म्हणून रचलं. मुलीला दिसावं म्हणून.

आणि भोवताली, अजून जिवंत असलेल्या झाडांच्या मुळांशी, पाचोळा उचलून सोंगीची पांढरी डोकी वर आलेली होती. इतकी सोंगी एका जागी मी जन्मात पाहिली नव्हती. ही त्याची जागा होती. इन्सुकचं शिक्षण, तिचं लग्न, तिच्या आईचं आजारपण, सगळं ह्या मातीतून निघालेलं.

इन्सुक खाली बसली. "मीच शिकवलं त्यांना," ती म्हणाली. "गोल, दक्षिणेकडे तोंड." मग ती रडली. मला त्या म्हाताऱ्याचा असा राग आला की समोर असता तर मी त्याच्यावर हात टाकला असता. आणि त्याच क्षणी मला हेही कळत होतं की ती माझी जागा असती तर मी त्याच्यासारखंच काही केलं असतं. पण माझं डोकं इतकं चाललं नसतं.

संध्याकाळी ती अंगणात बापासमोर उभी राहिली. मी फाटकापाशी होतो, तिनंच मला थांबवलं होतं.

"आबुजी, तुम्ही स्वतः चला साहेबांकडे. म्हातारा माणूस, चुकला म्हणतील. दंड मी भरीन."

ह्यॉन्निम मिरच्या वाळत घालत होता. मान वर न करता म्हणाला, "काय चुकलं? थडगं आहे ते."

"ओंडके बघितले मी."

"थडगं आहे. तूच खूण केलीस."

"त्यात अजूनही भुंगे आहेत. पुढच्या वसंतात ते घाटापलीकडे जातील. पलीकडचं जुनं जंगल माहीत आहे ना तुम्हाला? लहानपणी तुम्हीच नेलं होतंत मला. ते गेलं तर परत उभं राहायला माणसांच्या किती पिढ्या लागतील?"

"आणि आपला कडा?" आता त्यानं वर बघितलं. "तू खूण बदललीस की हा ग्वाक सगळा कडा बोडका करणार. माझी सोंगी, गावाची सोंगी. पाइन परत लावलं तरी सोंगी यायला तुझा जन्म जाईल. राहू दे ते थडगं. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

"तुझ्या साहेबांना वंशजाची सही लागते की नाही? मी वंशज. मी देत नाही. जा, सांग जा."

तिनं रात्रभर काय विचार केला ते मला सांगितलं नाही. सकाळी तिनं खूण बदलली. कड्याचं सगळं जंगल कापायचा हुकूम निघाला. पण थडग्यापाशी गाडं अडलं, कारण कागदावर दाल्सूनं ते आपल्या आजोबांचं थडगं असल्याचं लिहून दिलं होतं, आणि लिहून दिलेल्या थडग्याला हात लावायची साहेबांची छाती नव्हती. साहेब म्हणाले, वर्तुळ सोडा, बाकीचं कापा. म्हणजे रोगाचं मूळ तेवढं ठेवा.

पहिलं बर्फ पडून गेल्यावर आम्ही करवती घेऊन चढलो. सगळं गाव आधीच वर होतं. थडग्याची माती त्यानं पुन्हा नीट थापली होती. त्याच्यासमोर दाल्सू ह्यॉन्निम तागाचे शोकाचे कपडे घालून पालथा पडला होता आणि मोठ्यानं आक्रोश करत होता, बाप मेल्यावर करतात तसा. माझी पोरं करवती खाली ठेवून मागं सरली. मीही सरलो. माझ्या आईच्या दिवसांत हाच माणूस माझ्या शेजारी तसे कपडे घालून उभा होता.

"आता काय करशील, सरकारच्या बाई?" गर्दीतून कुणीतरी इन्सुकला म्हणालं. "स्वतःच्या पणजोबाला उकरशील?"

इन्सुकनं माझ्या हातातलं फावडं घेतलं. थडगं उघडायचं तर पहिला घाव वंशजानं घालायचा असतो आणि आधी आतल्या माणसाला तीनदा हाक मारायची असते, म्हणजे तो दचकत नाही. ती बापाला वळसा घालून थडग्यामागं गेली आणि मोठ्यानं म्हणाली, "पणजोबा, उघडतेय! पणजोबा, उघडतेय! पणजोबा, उघडतेय, दचकू नका!"

आत कुणी नाही हे मला माहीत होतं, तिला माहीत होतं. तरी माझ्या अंगावर काटा आला. बापाचा खोटेपणा तिनं त्याला शोभेल अशा मानानं उघडला, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

तिनं फावडं मारलं. दोन-चार घावांतच साल उघडी पडली. गावातली म्हातारी ओक्बुन पुढं येऊन वाकून बघत म्हणाली, "दाल्सूच्या आजोबांना फांद्या फुटल्यात की गं!" आणि लोक हसले. त्या हसण्यात राग होता. कडा त्यांचाही जाणार होता. हसणं संपल्यावर कुणीतरी थुंकलं आणि शिव्या सुरू झाल्या.

ह्यॉन्निम उठला. डोक्यावरची तागाची टोपी काढून त्यानं घडी घातली, सगळ्यांच्या मधून निघाला, आणि सरळ वाटेनं खाली उतरला.

कडा कापायला आम्हाला अख्खा हिवाळा लागला. वसंतात तिथं फक्त बुंधे होते आणि हिरव्या ताडपत्रीचे ढीग. गावानं बापाशी बोलणं टाकलं आणि मुलीशीही. दोघांत कुणाचा दोष जास्त यावर भांडणं झाली, पण बोलणं दोघांशीही टाकलं. दुकानात इन्सुक शिरली की बायका भाज्यांच्या जुड्या चिवडत बसायच्या. मी एकटाच त्यांच्या घरी जात राहिलो.

घरात तर त्याहून वाईट होतं. त्या दिवसानंतर ह्यॉन्निम मुलीला साहेब म्हणायला लागला. टोमणा मारल्यासारखा नाही. टोमणा असता तर तिला उलट बोलता आलं असतं. तालुक्याहून अधिकारी आला की म्हातारी माणसं जशी अदबीनं उभी राहतात, तसा तो पोटच्या पोरीपुढं उभा राहायचा. "साहेब, आपण आज उशिरा आलात. साहेब, आपल्यासाठी पाणी तापवून ठेवलंय." जेवण तो स्वतःच्या खोलीत, लहान चौरंगावर, दार लावून करायचा. एकदा ती दारापाशी जाऊन म्हणाली, "आबुजी, मला शिव्या द्या, पण असं बोलू नका." आतून आवाज आला, "आपल्याला शिव्या देण्याची आमची काय पात्रता?" मी अंगणात होतो. ते ऐकून मी न जेवताच घरी गेलो.

तिला धरून ठेवणारी एकच गोष्ट होती, घाटापलीकडचं जंगल. ती तोंडानं बोलायची नाही, पण दर नव्या चित्रात ती आधी तेच उघडायची. ते लाल दिसलं की तिचे खांदे जरा खाली यायचे. बाप गेला, गाव गेलं, पण ते राहिलं, असा तिचा हिशोब असावा.

ऑक्टोबरात तिचा फोन आला. "आजे, कचेरीत या."

पडद्यावर पलीकडचं जुनं जंगल होतं. ज्या झाडांखाली बोलताना माणसाचा आवाज आपोआप खाली येतो, ते जंगल. लालभडक. आणि कडेच्या एका उतरणीवर काही डाग.

"ही सावली आहे का?" तिनं विचारलं.

मला हो म्हणायचं होतं. पण ती ठिपका मारायच्या आधी जाऊन बघणारी बाई. आम्ही गेलो. सावली नव्हती. फांद्यांची टोकं खाली झुकलेली, पानं तांबूस. वर बघून बघून माझी मान दुखायला लागली.

"पण आपण तर थडगं उघडून आतले सगळे ओंडके जाळले," मी म्हटलं. "भुंगे आले कुठून?"

"डुकरांनी उकरलं त्याच वसंतात काही इथं पोचले असणार," ती म्हणाली. "एखाददुसरं झाड तेव्हाच मेलं असेल, मोठ्या झाडांच्या सावलीत वरून दिसलं नसेल. हे त्यानंतरचे." तिनं खाली पडलेली तांबूस पानं उचलली. "मी फावडं मारलं तेव्हा ते आधीच इथं होते."

माझा पुन्हा संताप झाला, आणि ह्या वेळी तिच्यावरच निघाला. "मग राहू द्यायचं होतंस म्हाताऱ्याला त्याचं थडगं! काय मिळालं?"

"तेव्हा माहीत नव्हतं, आजे," ती म्हणाली. मी बुंध्याची सुटलेली साल उचलून गाडीकडे निघालो.

संध्याकाळी मी तिला घरी सोडलं. ह्यॉन्निम ओट्यावर उभा होता. इतक्या महिन्यांत तो स्वतःहून बाहेर येऊन उभा राहिला नव्हता. आम्ही पलीकडे गेलो होतो हे त्याला कुठून कळलं होतं कोण जाणे. दोन्ही हात पोटाशी जुळवून तो म्हणाला, "साहेब, आपण घाटापलीकडे गेला होतात म्हणे. तिकडचं जंगल... बरं आहे ना?"

इन्सुक ओट्याच्या पायरीवर बसून बूट काढत होती. नाडी सोडायला तिला फार वेळ लागला.

"चांगलं आहे, आबुजी," ती म्हणाली. "एकही झाड गेलेलं नाही."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "खरं का रे?"

माझ्या गाडीत मागच्या बाजूला तिथली साल पडली होती, किड्यांनी पोखरलेली. "खरं, ह्यॉन्निम," मी म्हटलं. "उभं आहे सगळं."

तो तसाच उभा राहिला. हात सुटले आणि लोंबायला लागले. "म्हणजे तेवढं तरी वाचलं," तो म्हणाला, आणि पुन्हा तेच म्हणाला. मग आत वळता वळता मागं न बघता म्हणाला, "तू जेवलीस का? ये. ग्वाक, तूही ये."

तिघं एका चौरंगाला बसलो. भात होता, तळलेला बांगडा होता. ह्यॉन्निमनं काटे काढून बांगड्याचा तुकडा तिच्या भातावर ठेवला. इन्सुकनं मान खाली घालून तो खाल्ला, मग दुसरा खाल्ला. सकाळी मी उठलो तेव्हा पलीकडच्या जंगलातले ठिपके माझ्या फोनवर आलेले होते. एरवी ठिपक्यांमागोमाग तिचा फोन यायचा. त्या दिवशी, बाप घरात असताना, तिनं तो केला नव्हता.